नक्षीच्या खालचे काम

बडोद्याच्या फतेगंजमधून जाताना एखाद्या दुचाकीच्या अंगावर ज्वाळा, गरुड किंवा नुसती वेलबुट्टी रंगविलेली दिसली की आपली नजर त्या नक्षीवर खिळते. रंगाची जाण या परिसराला नवी नाही. जवळच विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० साली सुरू झाली आणि नारायण श्रीधर बेंद्रे यांनी तेथे चित्रकला शिकविली. परंतु कॅनव्हास रंग धरून ठेवतो; गाडीचे प्लास्टिक तो झिडकारते. म्हणून, श्रोतेहो, आज नक्षीविषयी नव्हे, तर तिच्याखालच्या न दिसणाऱ्या कामाविषयी बोलावयाचे आहे.

सगळे प्लास्टिक एका जातीचे नसते. स्कूटरचे भाग पुष्कळदा एबीएसचे असतात. त्यांवर रंग सहज बसतो. मोटारीचा बंपर मात्र बहुधा पॉलिप्रोपिलीनचा. हा पदार्थ बडोद्याला परका नाही. १९६९ साली स्थापन झालेल्या आणि २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झालेल्या इंडियन पेट्रोकेमिकल्सच्या येथील कारखान्यात तो तयार होत असे. त्याचा पृष्ठभाग मेणासारखा. रंगाशी त्याचे सूत जुळत नाही. भागाच्या मागे त्याची जात बहुधा कोरलेली असते. जाणता कारागीर ती आधी वाचतो. मग साबणाने धुऊन साच्याचा तेलकटपणा काढावयाचा, बारीक पॉलिशपेपरने घासावयाचे, आणि पॉलिप्रोपिलीन असेल तर अस्तराआधी रंग धरून ठेवणाऱ्या द्रावणाचा पातळ हात द्यावयाचा. कोरड्या फडक्याने जोरात पुसले तर प्लास्टिकवर वीज साठते आणि हवेतली धूळ आपण होऊन येऊन चिकटते! वाकणाऱ्या भागावर रंगही वाकणारा हवा. नाहीतर पहिल्याच धक्क्याला पापुद्रे सुटतात. एवढे झाल्यावर कोठे चिकटपट्ट्या लावून नक्षीला आरंभ. गिऱ्हाईक मात्र सकाळी गाडी सोडते आणि संध्याकाळी मागते.

गाडीचा मूळ रंगच बदलला तर परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते, हेही जाता जाता सांगतो.

शेवटचा चकाकीचा थर बहुधा दोन द्रव मिसळून फवारतात. त्यांतील एकात आयसोसायनेट असते. कारागिराने नाकावर बांधलेला रुमाल फार तर धूळ अडवितो, हा फवारा नव्हे. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा लागतो, आणि आपण दरात घासाघीस केली की पहिली काट बसते ती त्याच खर्चाला. यातून एकदा दमा जडला की पुढे त्या द्रव्याच्या किंचित वाफेनेही धाप लागते, आणि हात कितीही कसबी असला तरी हा धंदा सोडावा लागतो.