धारपांचा वारसा आणि रायगडचा किनारा



नारायण धारपांपासून प्रेरणा घेऊन नव्या भयकथांचा संग्रह काढायचा म्हटलं, की संपादकाच्या टेबलावर सगळ्यांत आधी दुष्ट शक्तींशी लढणारे त्यांचे ‘समर्थ’ येऊन बसतात. जुना वाडा, अमावास्या, मंत्र, आणि शेवटी दुष्ट शक्तीचा नायनाट. धारपांनी हे स्वतःच इतकं लिहून ठेवलंय, की आपण त्यात काय भर घालणार? असल्या कथा सरळ साभार परत कराव्यात.

मग धारपांकडून घ्यायचं काय? ते त्यांच्याच लेखनात सापडतं. ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ सालची. स्टीफन किंगनं तिच्यातला रक्तपिपासू अमेरिकेतल्या एका लहान गावात आणला आणि १९७५ साली ‘सालेम्स लॉट’ लिहिली. धारपांनी तिच्यावरून ‘लुचाई’ बेतली आणि ती भीती मराठी मुलखात वस्तीला आली. पुढे राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ साली आला. त्यातली आजी धारपांच्या कथेतून आली, पण चित्रपट उभा राहिला तो माणसाच्या हव्यासावर. उसनं घेतलेलं भय आपल्या मातीत रुजवावं लागतं, ही धारपांची खरी शिकवण.

आता आपला रायगडचा किनारा घ्या. गिरा, मुंजा, खवीस, चकवा ही भुतांची मंडळी इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. पण नुसती त्यांची नावं घेऊन आज कोणी दचकत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला वाट बुडते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. एखाद्या दिवशी ती सरकलीच नाही तर? कथा तिथून सुरू व्हावी.

किंवा समजा, नागावच्या वाडीत मुंबईकराचा बंद बंगला आहे. राखणदाराला रोज तिन्हीसांजेला मालकाचा फोन येतो, “दिवे लावलेस का रे?” तो लावतो. एक दिवस मालकाचा मुलगा बंगला विकायला येतो आणि विचारतो, “बाबा जाऊन वर्ष झालं. दिवे कोणासाठी लावतोस?” बस्स, कथा इथेच संपली. पण लेखकाला राहवत नाही. पुढे दोन पानं तो आत्मा, अतृप्त इच्छा, शांत वगैरे समजावून सांगत बसतो. ती दोन पानं कापायची, हे संपादकाचं काम. लेखक रुसेल, रुसू द्यावं.

अनुक्रमही जपून लावावा. पाठोपाठ तीन कथांत भुतं निघाली, की चौथीत वाचक त्यांची वाटच बघत बसतो, आणि वाट बघणारा माणूस घाबरत नाही. म्हणून मध्ये एखादी भूत नसलेली कथा हवीच. ‘गहिरे पाणी’ लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरींनी माणसाच्या मनातलंच भय किती दाखवलंय!

तेव्हा लिहिणाऱ्यांनो, धारप जरूर वाचा, पण कथा आपल्या गावची पाठवा.