आयोडीनचा घोट आणि पाळण्याची आशा



बल्लारपूरच्या कागद-कारखान्यांत नोकरी करणाऱ्या एखाद्या गृहस्थाचें घर डोळ्यांपुढें आणा. मुलगी चोवीस वर्षांची, लग्न ठरलेलें. मध्यंतरीं तिची छाती धडधडूं लागली, हात कांपूं लागले, वजन उतरलें. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि प्रमाणाबाहेर काम करीत आहे, असें निदान झालें. गोळ्यांनीं रोग आटोक्यांत येईना, तेव्हां नागपूरच्या डॉक्टरांनीं किरणोत्सर्गी आयोडीन सुचविलें. तो शब्द ऐकतांच घरांत सर्वांचे चेहरे उतरले. आईच्या मनांत एकच प्रश्न : "हिला पुढें मूल होईल ना?"

या प्रश्नाचें उत्तर प्रथमच सांगतों : होईल, मात्र थोडा धीर धरावा लागेल.

शरीरांतील आयोडीनचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक म्हणजे ही ग्रंथि. म्हणून किरणोत्सर्गी आयोडीन पोटांत घेतलें कीं तें तेथेंच सांठतें आणि माजलेल्या पेशींचा नाश करितें. बोस्टन येथें डॉ. सॉल हर्ट्झ यांनीं १९४१ सालीं हा उपचार प्रथम केला. आपल्याकडे अणुशक्ति खात्यानें मुंबईस परळ येथें १९६३ सालीं विकिरण चिकित्सा केंद्र उघडलें. या आयोडीनची शक्ति दर आठ दिवसांनीं निम्मी होते. ग्रंथींत न सांठलेलें बहुतेक आयोडीन कांहीं दिवसांत लघवीवाटे निघून जातें. मूत्राशय अंडाशयाजवळ असल्यामुळें त्या दिवसांत पाणी भरपूर प्यावें.

पथ्यें मात्र कडक आहेत. गर्भवतीस हें औषध कदापि देत नाहींत; कारण साधारण तिसऱ्या महिन्यापासून गर्भाची स्वतःची ग्रंथि आयोडीन ओढूं लागते व ती कायमची निकामी होऊं शकते. यास्तव आधीं गर्भाची तपासणी करितात. अंगावर पाजणाऱ्या मातेनें निदान सहा आठवडे आधीं पाजणें बंद करावें, व त्या मुलास पुन्हा पाजूं नये. उपचारानंतर स्त्रीनें निदान सहा महिने व पुरुषानें सुमारें चार महिने गर्भधारणा टाळावी. ऐंशीहून अधिक वर्षांचा अनुभव असा, कीं थायरॉइडच्या अतिरेकासाठीं दिलेल्या मात्रेनें वंध्यत्व येत नाहीं. कर्करोगासाठीं मोठ्या मात्रा वारंवार घेणाऱ्या पुरुषाचें बीज मात्र कांहीं काळ क्षीण होऊं शकतें. त्यानें बीज जतन करण्याविषयीं आधींच विचारावें.

खरा धोका निराळाच आहे. उपचारानंतर पुष्कळांची ग्रंथि मंदावते व थायरॉक्सिनची गोळी रोज, बहुधा जन्मभर, घ्यावी लागते. ती टाळली तर गर्भ राहण्यास अडचण येते, राहिला तर गर्भपाताचें भय असतें. मूळचा रोग तसाच ठेवला तरी भय तेंच.

म्हणून त्या मातापित्यांस माझें सांगणें इतकेंच : सोयरीक मोडण्याचें कारण नाहीं, पाळणा मात्र सहा महिने लांबवावा. औषध घेतल्यावर कांहीं दिवस निराळें निजावें लागतें, लहान मुलांपासून व गर्भवतींपासून दूर राहावें लागतें. तेव्हां लग्नाची तिथि डॉक्टरांस आधींच सांगावी. आणि ही गोष्ट सासरच्या मंडळींपासून लपवूं नये. कारण लपविली, तर नव्या घरांत पहिल्याच महिन्यापासून नातवाची वाट पाहिली जाते, आणि ती मुलगी आपली गोळी चोरून घेत राहते. ती गोळी तिला उजळ माथ्यानें घेतां यावी, एवढें तरी दोन्ही घरांनीं करावें.