अंगणवाडीच्या बाईस परदेशची विद्या कशाला?

(अंगणवाडी सेविका व पालक यांच्या सभेंत केलेलें भाषण)



आमच्या गांवांतून एक प्रश्न नेहमीं ऐकूं येतो. चार वर्षांच्या पोरांना गाणीं शिकविणाऱ्या बाईस परदेशच्या विद्येशीं काय करावयाचें आहे? खिचडी वाढावी, पोरें संभाळावीं, त्यांचें वजन वहींत मांडावें, झालें तिचें काम! विचारणारे आमचेच शेतकरी, सुतार, कुंभार बंधू असतात; म्हणून उत्तर देणें आम्हांस जरूर वाटतें.

आधीं घरचा दाखला घ्या. जोतीराव फुल्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. त्यापूर्वीं ते अहमदनगरास जाऊन मिस फॅरार या अमेरिकन बाईंची मुलींची शाळा पाहून आले होते. सावित्रीबाईंनीं शिकविण्याचें शिक्षण घेतलें तें याच फॅरारबाईंजवळ, आणि पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलांत. माळ्याच्या घरची सून शिक्षिका झाली, तिला घडविण्यांत समुद्रापलीकडच्या बायकांचा हात होता. त्याच वेळीं आमच्या धर्माचे ठेकेदार काय करीत होते, तें तुम्हांस ठाऊकच आहे.

पण परदेशची विद्या गरिबाच्या दारीं आपोआप येत नाहीं. मारिया माँटेसरी हें नांव तुम्हीं शहरांतल्या पाट्यांवर वाचलें असेल. या इटालियन डॉक्टरीणबाईंनीं पहिलें बालगृह काढलें तें ६ जानेवारी १९०७ रोजीं, रोम शहरांत, सान लोरेन्झो नांवाच्या मजूरवस्तींत. आईबाप कामावर गेले कीं पोरें जिन्यांतून धुडगूस घालीत, भिंती खराब करीत. म्हणून इमारतींच्या मालकांनींच एक खोली दिली. बाईंनीं पोरांच्या हातीं वस्तु दिल्या आणि पोरें काय करतात तें लक्ष देऊन पाहिलें. मजुरांच्या पोरांनीं जगाला शिकविलेली ही पद्धति! आज तिची पाटी आमच्याकडे कोठें लागते? फी भरण्यास बैलजोडी विकावी लागेल अशा दारावर.

भावनगरचे वकील गिजुभाई बधेका यांनीं आपल्या मुलाकरितां माँटेसरीबाईंचें पुस्तक वाचलें, वकिली सोडली आणि १९२० सालीं बालमंदिर काढलें. ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या; १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पुढें १९३९ सालीं माँटेसरीबाई स्वतः मद्रासेजवळ अड्यारला आल्या. महायुद्ध चालू होतें. इटली शत्रुपक्षाला मिळतांच इंग्रज सरकारनें बाईंच्या हिंडण्याफिरण्यावर बंदी घातली आणि मुलगा मारिओ यास अहमदनगरच्या छावणींत कांहीं काळ कोंडलें. (नगरचा योग पहा! जोतीराव तेथें शाळा पाहण्यास गेले होते.) बाई १९४६ पर्यंत या देशांत राहिल्या आणि येथल्या शेंकडों शिक्षकांना त्यांनीं तयार केलें.

आतां मुद्द्यावर येतों. ताराबाई १९४५ सालीं शहर सोडून बोर्डीस आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. वारल्यांचीं पोरें शाळेंत येईनात. लहान भावंड कोण संभाळील? शेळ्या कोण राखील? मग या बायकांनीं शाळाच उचलून पोरांच्या अंगणांत नेली. साहेबी लाकडी साहित्य महाग. त्याच्या जागीं खडे, शिंपले, बिया, पानें आलीं. पुढें कोसबाडच्या टेकडीवर गुरें राखणाऱ्या पोरांकरितां कुरणांतच शाळा भरूं लागली. अंगणवाडी हा शब्द या अंगणांतून निघाला. इटलीची विद्या वारल्याच्या अंगणांत आली तेव्हांच ती आपली झाली. या बाया पांढरपेशा घरांत जन्मल्या म्हणून त्यांचें श्रेय नाकारण्याइतके आम्ही कृतघ्न नाहीं.

त्याच १९४५ सालची इटलींतलीच दुसरी हकीकत ऐका. रेज्जो एमिलियाजवळ व्हिल्ला चेल्ला नांवाचें खेडें. युद्ध संपलें, जर्मन सैन्य पळालें, मागें एक रणगाडा, कांहीं लॉऱ्या आणि घोडे राहिले. गांवकऱ्यांनीं ते विकले आणि त्या पैशांतून लहान मुलांची शाळा उभारली. विटा बाँबनें पडलेल्या घरांच्या, वाळू नदीची, श्रम स्वतःचे. लोरिस मालागुत्सी नांवाचा तरुण शिक्षक ही बातमी ऐकून सायकलीवर तेथें गेला आणि त्यांचाच झाला. पुढें तो व त्याचे सोबती स्वित्झर्लंडांत जिनेव्हास जाऊन प्याजे या पंडिताच्या संस्थेंतलें काम पाहून आले. १९६३ पासून नगरपालिकाहि बालशाळा काढूं लागली. आज देशोदेशींचे शिक्षक त्या शाळा पाहण्यास जातात. आमच्याकडून कोण जातो? ज्याच्या संस्थेस प्रवासखर्च परवडतो तो! जिच्या अंगणांत आमचीं पोरें बसतात, तिचें नांव त्या यादींत नसतें.

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें मागितलें होतें कीं प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गांतून तयार करावे. वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्यास ज्यांना लाज वाटणार नाहीं असे. आणि पात्र शिक्षकास बारा रुपयांहून कमी पगार नसावा, हेंहि त्यांनीं सांगितलें होतें. सरकारनें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं बालविकास योजना सुरू केली. तिच्या अंगणवाड्यांतून आमच्याच लेकीसुना राबूं लागल्या. पण त्यांना पगार नाहीं, मानधन! ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हें २०२२ सालीं सुप्रीम कोर्टास सांगावें लागलें. फोन आला तोहि आंकडे वर पाठविण्यासाठीं. त्याच फोनवरून कोसबाडची, इटलीची विद्या मराठींत खालीं कां येऊं नये?

परदेशची ओळख म्हणजे विमानांतच बसणें नव्हे. बाहेरचे पाहुणे गांवीं आले तर सेविकेला चहाच्या ट्रेजवळ उभें करूं नका, त्यांच्या समोर खुर्चीवर बसवा. ती विचारील, ते सांगतील. ती सांगेल, ते लिहून घेतील. जात्यावरच्या ओव्या, चाकावरची माती, पेरणीचा हिशेब, यांतून पोरें काय शिकतात हें तिच्याइतकें कोणास ठाऊक? शिक्षणाचे दिवस तिच्या पगारी कामांत धरा. आणि तालुक्यांतून कोणास बाहेर पाहण्यास पाठवावयाचें असेल, तर सेविकांतूनच, सेविकांनींच निवडलेली बाई पाठवा.

येत्या ग्रामसभेंत हा ठराव आला पाहिजे. मांडणारा कोण आणि अनुमोदन कोणाचें, तें उठण्यापूर्वीं आतांच ठरवूं.