गाडी नवी, सवय जुनी



मागच्या आठवड्यात आपल्या कट्ट्याच्या वर्गात एक गोष्ट घडली. एका मावशींनी पुस्तकातला धडा घडाघडा वाचून दाखवला. सगळ्यांना आनंद झाला. मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. सुनेने लिहिलेली ती बाजाराची यादी होती. ती मात्र मावशींना वाचता येईना. त्या खट्टू झाल्या. म्हणाल्या, "शिकान काय उपेग? माका अजून वाचूक येना नाय."

आम्ही यादी हातात घेतली. अक्षरे तीच होती. 'क' तोच, 'म' तोच. पण पुस्तकातली अक्षरे छापील आणि सुनेची अक्षरे तिरपी, एकमेकांना चिकटलेली. आम्ही म्हटले, "मावशी, तुमचे वाचन कुठे गेले नाही. हे हस्ताक्षर तेवढे नवे आहे. आधी त्याची ओळख करून घ्या." मावशींनी एकेक अक्षर लावले. थोड्या वेळात मीठ, साखर, चहापावडर, खोबरेल, सगळे वाचून झाले.

त्या रात्री घरी जाताना आम्हांला आमची एक जुनी फजिती आठवली. ती गाडीची होती. आज तीच सांगणार आहोत. तुमच्यापैकी काहीजण सध्या गाडी शिकत आहेत. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीचा किनारा पाहायला माणसे येतात. त्यांना फिरवून कुणाला पोट भरायचे आहे. कुणाला टेंपो चालवायचा आहे. शिकायची गाडी एक असते आणि कामाची गाडी दुसरीच मिळते. तेव्हा आमची फजिती तुमच्या उपयोगी पडेल.

आम्ही गाडी शिकलो ती लहान पेट्रोलची गाडी होती. क्लच मऊ. गिअर हलका. महिनाभर शिकलो. परीक्षा दिली. लायसन्स मिळाले. लायसन्स खिशात आले आणि अंगात थोडा ताठाही आला.

आठच दिवसांनी आमच्या आईला मालवणला डॉक्टरकडे न्यायचे होते. शेजारच्या भाऊंकडे जुनी, जीपसारखी डिझेलची गाडी होती. भाऊंनी चावी दिली. पण देताना म्हणाले, "ही गाडी वायच येगळी आसा. आधी सड्यार फिरवन बघ. तुका येता मा?"

आम्ही म्हटले, "येता ओ भाऊ. गाडी ती गाडी!"

मंडळी, आमचे चुकले ते इथेच. रस्त्यावर चुकले ते नंतर.

कट्ट्याच्या बाजारातून आम्ही निघालो. सपाट रस्त्यावर सगळे ठीक चालले. पुढे एक चढ लागला. चढावर एस.टी. थांबली होती, म्हणून आम्हीही तिच्या मागे थांबलो. माणसे उतरली, चढली. एस.टी. सुटली. आम्ही पहिला गिअर टाकला. नेहमीच्या सवयीने पाय जितका उचलायचा तितका क्लचवरून उचलला. आम्हांला वाटले, आता गाडीने पकड घेतली. म्हणून ब्रेक सोडला.

गाडी पुढे जाण्याऐवजी मागे जाऊ लागली.

आई ओरडली, "अरे, गाडी पाठी जाता रे!"

आम्ही घाबरलो. क्लच एकदम सोडून दिला. गाडीने गचका खाल्ला आणि इंजिन बंद पडले. ब्रेकवर पाय दिला, तर ब्रेक दगडासारखा लागला. वाटले, ब्रेक गेला! डावा हात हँडब्रेककडे गेला. आमच्या शिकायच्या गाडीत तो दोन सीटच्या मधे होता. इथे हात रिकामा फिरला. या गाडीचा हँडब्रेक समोरच्या फळीखाली होता, ओढायच्या मुठीसारखा. तो आम्ही पाहिलाच नव्हता.

शेवटी दोन्ही पायांनी जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी थांबली. पण मागे काहीतरी करकरले.

आमच्या मागे शाळेचा एक मुलगा सायकल घेऊन उभा होता. त्याने प्रसंग ओळखून उडी मारली. तो वाचला. सायकलचे पुढचे चाक मात्र आमच्या चाकाखाली गेले. आम्ही खाली उतरलो तेव्हा पाय लटपटत होते. मुलगा रडत नव्हता. तो नुसता सायकलकडे बघत होता. ते बघणे आम्ही अजून विसरलो नाही.

सायकलचे चाक आम्ही भरून दिले. पण मुलगा हातभर मागे असता, तर काय भरून देणार होतो?

आई वाटेत एकच वाक्य बोलली. "इचारलं असतंस तर तुजा तोंड झिजला असता काय?"

आता चूक कुठे झाली ते पाहू. त्यासाठी क्लच म्हणजे काय ते समजले पाहिजे.

जुन्या भातगिरणीत इंजिनाचा पट्टा असे. पट्टा मोकळ्या चाकावर असला की इंजिन फिरे, पण गिरण उभी राही. गिरणवाला पट्टा हळूच पक्क्या चाकावर सरकवी. मग गिरण फिरू लागे. एकदम सरकवला तर पट्टा उडे, नाहीतर इंजिन दबून बंद पडे. गाडीचा क्लच हेच काम करतो. क्लच दाबला की इंजिन आणि चाके वेगळी होतात. क्लच सोडला की ती जोडली जातात. मधे एक जागा अशी येते की जोड नुकती लागू लागते. इंजिनाचा आवाज थोडा खाली बसतो. गाडी पुढे ओढ घेते. ड्रायव्हर लोक त्या जागेला 'हाफ क्लच' म्हणतात.

ही जागा प्रत्येक गाडीत निराळी असते. एका गाडीत पाय थोडा उचलला की येते. दुसरीत पाय बराच वर आल्यावर येते. क्लचची प्लेट झिजली की पुष्कळ गाड्यांत ती आणखी वर जाते. भाऊंच्या गाडीत ती वर होती. आमच्या पायाला खालची सवय होती. पाय आमचा होता, पण माप दुसऱ्या गाडीचे होते.

आणि ब्रेक का जड झाला? पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू असताना ब्रेकला इंजिनाची मदत मिळते. इंजिन बंद पडले की एकदोनदा दाबेपर्यंत ती मदत उरते, मग संपते. ब्रेक जात नाही. तो जड होतो. अशा वेळी पाय काढू नये. सगळा जोर देऊन दाबावा. स्टेअरिंगही तसेच जड होते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो.

मंडळी, ही फजिती आमच्या एकट्याची नव्हे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचेच पाहा. आपले चाकरमानी ज्या फियाट टॅक्सीत बसले, ती प्रीमियर पद्मिनी. ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे. तिच्या पुष्कळ गाड्यांत गिअरचा दांडा खाली नव्हता. तो स्टेअरिंगच्या खांबालाच होता. पुढे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचा गिअर खाली, दोन सीटच्या मधे. हळूहळू टॅक्सीतही नव्या गाड्या आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. ज्याने वर्षानुवर्षे वरचा गिअर टाकला, त्याचा हात नव्या गाडीत वरच जाणार. तो काही अडाणी नव्हे. हाताला सवय असते आणि सवय विचारून येत नाही. जुन्या ड्रायव्हरलाही नवी गाडी शिकावी लागते. मग नवशिक्याने लाज का बाळगावी?

दुसऱ्या दिवशी आम्ही भाऊंकडे गेलो. खरे काय ते सांगितले. भाऊ रागावले नाहीत. आम्हांला घेऊन ते मोकळ्या सड्यावर गेले. तिथे त्यांनी जे शिकवले, तेच आज तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट. गाडी उभी असतानाच तिची ओळख करून घ्या. सीट पुढेमागे करा. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आरसे लावा. हँडब्रेक कुठे आहे ते हाताने चाचपून पाहा. हॉर्न, दिवे, वायपर, इंडिकेटर पाहा. इंडिकेटरची काडी काही गाड्यांत उजवीकडे असते, काहींत डावीकडे.

दुसरी गोष्ट. गिअरच्या मुठीवर आकडे असतात. ते वाचा. १, २, ३, ४, ५ कुठे आहेत ते पाहा. इंग्रजी 'आर' म्हणजे रिव्हर्स, मागचा गिअर. तो काही गाड्यांत मागे उजवीकडे असतो, तर काहींत पुढे डावीकडे, पहिल्याच्या शेजारी. कुठे मूठ दाबावी लागते, कुठे खालची कडी उचलावी लागते. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, सगळे गिअर टाकून पाहा. मान खाली न घालता हात बरोबर जाईपर्यंत हे करा.

तिसरी गोष्ट. सपाट, मोकळ्या जागेत हाफ क्लच शोधा. इंजिन चालू करा. पहिला गिअर टाका. क्लच अगदी हळू सोडा. गाडीने ओढ घेतली की पुन्हा दाबा. असे दहा वेळा करा. आम्ही घाई करू लागलो तेव्हा भाऊ म्हणाले, "गाडीक घाई नाय, तुकाच आसा. गाडी काय सांगता ता आयक." खरेच, थोड्या वेळाने पायाला आपोआप समजू लागले.

चौथी गोष्ट. ब्रेक पाहा. माणूस चालतो तितक्या वेगाने गाडी न्या आणि थांबवा. एखादा ब्रेक बोट लावताच धरतो, एखादा अर्धा दाबल्यावर धरतो. हे बाजारात कळण्यापेक्षा सड्यावर कळलेले बरे.

पाचवी गोष्ट चढाची. चढावर थांबलात की हँडब्रेक ओढा. निघताना पहिला गिअर टाका. थोडी रेस द्या. क्लच हाफ क्लचपर्यंत सोडा. गाडी ओढ घेते असे कळले की मगच हँडब्रेक सोडा. हाफ क्लचवर गाडी फार वेळ तोलून धरू नका. प्लेट जळते, वास येतो, खर्च निघतो.

सहावी गोष्ट. गाडी पेट्रोलची की डिझेलची ते विचारा. टाकीच्या झाकणावर बहुधा लिहिलेले असते, तेही वाचा. चुकीचे तेल भरले तर इंजिन चालू करू नका. आधी मेकॅनिकला बोलवा.

आणि नव्या गाडीने पहिल्याच दिवशी आंबोलीचा घाट गाठू नका. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावे लागते. न्यूट्रलमध्ये गाडी सोडली तर इंजिनाचा अटकाव जातो, सारा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. ज्या गाडीचे गिअर अजून हाताला लागले नाहीत, ती घाटात न्यायची नाही.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. चारचाकीसाठी वय १८ पूर्ण लागते. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालते. ते मिळाल्यापासून निदान ३० दिवस शिकल्यावरच पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावावा लागतो आणि लायसन्स असलेला शिकवणारा शेजारी बसावा लागतो. चढावर थांबून, मागे न घसरता पुन्हा निघता आले पाहिजे, हेही परीक्षेच्या नियमांत आहे. आम्ही ते करून दाखवले होते बरे का! पण शिकायच्या गाडीत.

मंडळी, लायसन्स खोटे नव्हते. शिकणे खोटे नव्हते. मावशींचे वाचनही खोटे नव्हते. पण जे एका ठिकाणी शिकलो, ते दुसऱ्या ठिकाणी वापरताना थोडे थांबावे लागते. शेतकरी नवा बैल विकत आणतो. त्याला नांगर ओढता येतो हे ठाऊक असते. तरी तो पहिल्याच दिवशी त्याला चिखलात घालत नाही. आधी पाठीवर हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो. गाडीलाही तेवढा मान द्यावा.

भाऊंची ती गाडी पुढे आम्ही कितीतरी वेळा चालवली. आईला त्याच चढावरून मालवणला नेले. चढावर थांबलो की आई मागे वळून बघत असे. मागे कुणी आहे का ते पाही आणि मग म्हणे, "आता सोड."

आता कुणी चावी हातात दिली की आम्ही आधी विचारतो, "हिचा क्लच कुठे धरतो? रिव्हर्स कुठे आहे? हँडब्रेक कुठे आहे?" लोक कधी हसतात. हसू देत. आपल्या मागे चढावर कुणाचे पोर सायकल घेऊन उभे असेल, ते आपल्याला दिसत नाही.

तुमच्या घरी कुणी गाडी शिकत असेल, तर हा धडा त्याला वाचून दाखवा.