ट्रॅक्टर-ट्रॉलीचा अपघात : जबाबदारी कोणाची, हक्क कोणाचा?



ऊसतोड सुरू झाली की रस्त्याने ट्रॉल्यांची रीघ लागते. खत-बियाण्यांबद्दल आपण नेहमी बोलतो. आज जरा वेगळं बोलू या. एका रात्रीचा अपघात जन्मभराची कमाई घेऊन जातो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावची गोष्ट. उसाने भरलेली ट्रॉली रात्री पंक्चर झाली. चालकाने ती रस्त्यातच उभी केली. मागे ना दिवा, ना चकाकणारी लाल पट्टी. मागून मोटारसायकलवर आलेला तरुण आदळला आणि जागीच गेला. ट्रॅक्टरमालक म्हणाला, "मी तर घरी झोपलो होतो, माझा काय दोष?" पण आपल्या कामावरच्या चालकाने हलगर्जीपणा केला, तर भरपाईची जबाबदारी मालकावरही येते. विमा चालू असता तर ती कंपनीने दिली असती. त्याची मुदत टळून गेली होती. शेवटी दोन एकर रान विकावं लागलं.

तेव्हा हंगामाआधी चार गोष्टी तपासा.

१. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे रस्त्यावरच्या वाहनाला 'थर्ड पार्टी' विमा, म्हणजे दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा, सक्तीचा आहे. ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचाही विमा उतरवा.

२. चालकाकडे परवाना हवा. नसेल, तर कंपनी दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हाती स्टिअरिंग देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा पालकाला किंवा मालकाला आहे : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड.

३. शेतीकामाच्या विम्यावर ट्रॉलीत वऱ्हाड किंवा जत्रेची माणसं नेऊ नका. मडगार्डवरही कोणाला बसवू नका. अशा माणसांची भरपाई कंपनी बहुधा नाकारते.

४. ट्रॉलीला मागे दिवा आणि चकाकणारी पट्टी लावा. खर्च थोडा, पण जीव वाचतो.

एवढं करूनही अपघात झालाच, तर पळून जाऊ नका. जखमीला आधी दवाखान्यात पोचवा, ११२ वर फोन करा. लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, पोलिसांना खबर द्या आणि विमा कंपनीलाही कळवा. वाटेने जाणाऱ्या माणसाने जखमीला मदत केली, तर त्याच्यामागे पोलीस-कोर्टाचा ससेमिरा लावता येत नाही. म्हणून मदतीला भिऊ नका.

आता दुसरी बाजू. जखमी आपल्या घरचा असेल तर?

गाडीचा नंबर टिपून ठेवा. गुन्हा नोंदवून त्याची प्रत मागून घ्या, फिर्यादीला ती फुकट मिळते. पंचनामा, दवाखान्याची बिलं, औषधांच्या पावत्या जपून ठेवा. कोणी चार नोटा पुढे करून कोऱ्या कागदावर सही-अंगठा मागितला, तर देऊ नका. २०२५ च्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणे ठरलेल्या दवाखान्यांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख पैसे न भरता होतात. भरती करतानाच त्याची चौकशी करा.

भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणाकडेही तो चालतो. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, ती टळू देऊ नका. धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी सरकारी मदत आहे : मृत्यू झाल्यास दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये.

शिवाय आपल्या राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. खातेदार शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला, तर वारसांना दोन लाख रुपये मिळतात. सातबारा घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लगेच या. दुःखात कागद सुचत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्या घरासाठी एवढी धावपळ करावी.

आज घरी गेल्यावर एकच करा. विम्याचा कागद काढा आणि त्यावरची तारीख वाचा. टळली असेल, तर विमा होईपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नका.