वादळात घरची पोरे



तुमच्या वर्गात चार शब्द बोलायला मला बोलावले. मला भाषण करता येत नाही. मी अंगणवाडीत लहान मुले सांभाळते. घरी माझी स्वतःची दोन पोरे आहेत. म्हणून पोरांबद्दलच बोलते.

वादळ येणार असे कळले की आपण काय बघतो? कौले बघतो, गुरे बघतो, होडी बघतो. ते बघायलाच हवे. पण घरातल्या लहान पोराच्या मनात काय चालले आहे, ते कोण बघतो? मीसुद्धा बघितले नव्हते. त्याचीच गोष्ट सांगते.

आमचे गाव मालवण तालुक्यात, समुद्राच्या जवळ. साल २०२१, महिना मे. करोनाची साथ चालू होती. १४ तारखेला, शुक्रवारी, अक्षय्य तृतीया झाली. त्याच वेळी अरबी समुद्रात वादळ तयार होत होते. त्याचे नाव तौक्ते. गावात भोंगा लावून गाडी फिरली. "होड्या वर काढा. घराबाहेर पडू नका."

शनिवारचा दिवस तयारीत गेला. आमच्या घरच्यांनी पडवीचे पत्रे दोरीने बांधले. मी पिण्याचे पाणी भरले. तांदूळ, कुळथाचे पीठ, काडेपेटी, कागदपत्रे सारे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून माजघरात ठेवले. सासूबाईंनी सुकी लाकडे आत घेतली.

माझा थोरला तेव्हा सहा वर्षांचा. धाकटी तीन वर्षांची. थोरला सारखा पाठीमागे फिरत होता. "आई, काय झालं? बाबा दोरी कशाला बांधतात?" मी म्हटले, "काही नाही. जरा वारा येणार आहे. तू गप बस बघू."

आम्ही मोठी माणसे हळू आवाजात बोलत होतो. तो जवळ आला की गप्प होत होतो. मला वाटले, पोराला घाबरवायचे कशाला? पण पोराला डोळे असतात, कान असतात. घरचे मला म्हणाले, "गोठा काही टिकायचा नाही." ते त्याने ऐकले. रात्री तो झोपल्यावर आम्ही गाय आणि पाडी शेजारच्या चिरेबंदी गोठ्यात नेऊन बांधली. ते मात्र त्याला कोणी सांगितले नाही.

रविवार उजाडला, १६ तारीख. पहाटेपासूनच वारा घुमत होता. माड जमिनीकडे वाकत होते. वीज गेली. फोन बंद पडला. कौले खडखड वाजू लागली. धाकटी माझ्या कमरेला चिकटून रडत होती. मी तिला घेऊन चुलीपाशी बसले. थोड्या वेळाने वळून बघते तो थोरला नाही! मागचे दार उघडे.

मी ओरडले. घरचे धावले, त्यांच्यामागे मी. पोर गोठ्यात उभे होते. अंगावरून पाणी निथळत होते. हातात पाडीचे रिकामे दावे. ते पाडीला सोडवायला गेले होते.

घरच्यांनी त्याला उचलले. आम्ही दारातून आत पाय टाकला न टाकला, तोच गोठ्याचे दोन पत्रे उडाले आणि फणसाच्या झाडात जाऊन अडकले. मंडळी, ते पत्रे मी आजही विसरलेली नाही.

घरच्यांनी रागाने हात उगारला. सासूबाईंनी तो हात धरला. पोर थरथरत विचारत होते, "पाडी मेली ना? म्हणून तुम्ही मला सांगत नाही ना?"

सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरांका खरा काय ता सांग गो."

मला शरम वाटली. आम्ही काही सांगितले नाही, म्हणून पोराने स्वतःच्या मनाने एक गोष्ट रचली होती. ती गोष्ट वादळापेक्षाही भयंकर होती.

मग मी त्याचे अंग पुसले, कोरडे कपडे घातले आणि त्याला समोर बसवले. म्हटले, "पाडी जिवंत आहे. शेजारच्या गोठ्यात आहे. रात्री तुला सांगायला हवं होतं. माझी चूक झाली."

आईने चूक कबूल केली म्हणून तिचा मान जात नाही. पोराचा विश्वास परत येतो.

मग त्याने विचारले, "वादळ म्हणजे काय?" मी घंगाळात पाणी घेतले. त्यात हात गोल गोल फिरवला आणि एक पान टाकले. पान गरगर फिरू लागले. म्हटले, "समुद्राचं पाणी तापतं. त्याच्यावरची हवा गरम होते आणि वर चढते. मग चारी बाजूंनी वारा तिथं धावत येतो आणि असा गोल फिरतो. हा फिरणारा वारा समुद्रावरून उत्तरेला चालला आहे. आपण त्याच्या काठावर आहोत. तो पुढं गेला की इथला वारा कमी होईल."

त्याने विचारले, "आपलं घर पडेल?" आता काय सांगावे? 'नाही' म्हणावेसे वाटले. पण खोटे बोलायचे नाही असे ठरवले होते. म्हटले, "कौलं उडतील, पाणी गळेल. भिंती चिऱ्याच्या आहेत, माजघर मजबूत आहे. आपण सगळी तिथंच एकत्र बसणार आहोत. बाबा आहेत, मी आहे, आजी आहे."

एवढे ऐकून तो शांत झाला. भीती गेली नाही. पण आता तो एकटा घाबरत नव्हता.

मग त्याला काम दिले. गळक्या जागी भांडी ठेवायची आणि किती ठिकाणी गळते ते मोजायचे. त्याने नऊ जागा मोजल्या. विजेरीही त्याच्याकडेच दिली. धाकटीने मांजराला धरून बसायचे. दुपारी नेहमीच्या वेळी पेज केली. जेवणाची वेळ चुकू दिली नाही. सासूबाईंनी कोडी घातली. तौक्ते हे नाव म्यानमार देशाने दिले, आणि त्याचा अर्थ मोठ्याने ओरडणारी पाल, असे मी सांगितले. तेव्हा दोघेही हसली. धाकटी वाऱ्याला ओरडून म्हणाली, "जा गो पाली!"

रात्रभर वारा होता. आमची कौले गेली, दोन माड गेले. माणसे वाचली. वादळ समुद्रावरून पुढे गेले आणि सोमवारी, १७ तारखेच्या रात्री, गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. तिकडेही पुष्कळ नुकसान झाले.

वादळ गेले म्हणजे सारे संपले असे समजू नका. आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तारा तुटून पडल्या होत्या. अशा तारेला पोरांनी हात लावू नये, जवळही जाऊ नये. विहिरीत पालापाचोळा आणि घाण पाणी जाते. म्हणून पाणी उकळून, निववून प्यावे. पोराला जुलाब झाले तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवावे. मीठ जास्त घालू नये. ते पाणी थोडे थोडे पाजत राहावे. अंगावरचे दूधही चालू ठेवावे. पोर मलूल झाले, डोळे खोल गेले, किंवा शौचात रक्त दिसले, तर लगेच दवाखान्यात न्यावे.

आणखी एक. पोराच्या मनातले वादळ उशिरा शमते. माझा थोरला त्यानंतर अंथरूण ओले करू लागला. जरा वारा सुटला की धाकटी खाटेखाली लपे. आम्ही रागावलो नाही. कोणाला हसू दिले नाही. थोरला अंगणात कौलांच्या तुकड्यांचे घर करी आणि फुंकून पाडी. शेजारीण म्हणाली, "हा कसला अभद्र खेळ?" मी म्हटले, "खेळू दे. खेळून खेळूनच त्याची भीती जाईल." महिन्याभरात दोघेही पहिल्यासारखी झाली. फार दिवस भीती गेली नाही, पोर खाईना की झोपेना, तर डॉक्टरांना दाखवायला संकोच करू नये.

आपल्या किनाऱ्यावर वादळे पुन्हा येतील. अरबी समुद्रात ती बहुतेक पावसाळ्याच्या आधी आणि नंतर होतात. आता हवामान खात्याची सूचना काही दिवस आधी मिळते. वाऱ्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. वादळाचा मधला भाग डोक्यावरून गेला, तर वारा अचानक थांबतो. लोकांना वाटते, संपले. पण थोड्या वेळाने उलट्या दिशेने पुन्हा तसाच वारा येतो. म्हणून 'आता बाहेर पडा' अशी सूचना येईपर्यंत पोरांना दाराबाहेर सोडू नका.

सूचना आली की पत्रे बांधा, पाणी भरा, गुरे हलवा. आणि मग पाच मिनिटे पोरांजवळ बसा. काय येणार आहे ते सांगा. आपण काय तयारी केली ते सांगा. पाडी कुठे बांधली तेही सांगा. पोरांना झेपेल असे एक काम हातात द्या.

आता तुम्हाला वाचता येते. वर्तमानपत्रातली हवामानाची सूचना, पंचायतीच्या फळ्यावरची सूचना तुम्ही स्वतः वाचा, आणि पोरांना जवळ घेऊन वाचून दाखवा. आईबाप स्वतः वाचून सांगतात, हे पाहून पोरांना धीर येतो.

आमचा थोरला आता मोठा झाला आहे. पावसाळ्यात आभाळ भरून आले की तो मला विचारतो, "आई, गुरं कुठं बांधायची?" मी त्याला सांगते, आणि मग आम्ही दोघे मिळून बांधतो.