ठराव आणि पाणी



नगरपालिकेची सभा हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे, हे वाचून आपणांपैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वसंत ऋतूतली संध्याकाळ, मोगऱ्याचा वास, आणि बोलणारा मनुष्य सूचक, अनुमोदक आणि इतिवृत्त यांविषयी बोलणार! पण थोडा धीर धरावा. मी ज्या तळ्याकाठी आपणांस घेऊन जाणार आहे, तिथे या रूक्ष शब्दांचा माणसांच्या तहानेशी संबंध आलेला आहे.

आधी एक घरचीच गोष्ट सांगतो. मी पूर्वी ज्या गावी राहत होतो, तिथल्या नगरपालिकेच्या सभेला मी प्रेक्षक म्हणून जाऊन बसत असे. एकदा विषयपत्रिकेवर चोवीस विषय होते. चहा येईपर्यंत त्यांतले बावीस 'सर्वानुमते मंजूर' झाले. त्यांत एक विषय आमच्या आळीतल्या सार्वजनिक नळाचा होता. मी घरी जाऊन ही आनंदाची बातमी सांगितली. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, नळ काही आला नाही. शेवटी कचेरीत जाऊन विचारले. तिथल्या वृद्ध कारकुनाने वही काढून ठराव मला दाखवला आणि शांतपणे म्हणाला, "ठराव आहे ना साहेब. नळ कोणी बसवायचा, केव्हा बसवायचा आणि पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे, ते मात्र त्यात लिहिलेले नाही."

त्या कारकुनाने मला स्थानिक स्वराज्याचा पहिला धडा दिला. हाच धडा एका गावाला फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला होता. ते गाव म्हणजे कुलाबा जिल्ह्यातले, आताच्या रायगड जिल्ह्यातले महाड.

१९२३ सालच्या ऑगस्टच्या ४ तारखेला मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा एक ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी त्यात शिफारस होती. सरकारने पुढच्याच महिन्यात आपल्या खात्यांना तशा सूचना धाडल्या. सूचना महाडला पोचली, आणि १९२४ च्या जानेवारीच्या ५ तारखेला महाड नगरपालिकेने ठराव केला की, चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही.

'हरकत नाही' हे शब्द आपण जरा लक्षात ठेवू या. ज्यांनी हा ठराव केला, त्यांना मी नावे ठेवीत नाही. त्या काळी एका लहान गावच्या सभागृहाने एवढे म्हणणे हेसुद्धा धाडसाचे होते. सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी मंडळी तिथे मनापासून झटत होती. परंतु हरकत नसणे वेगळे आणि आधार देणे वेगळे. तळ्यावर जाणाऱ्याला कोणी अडवले तर नगरपालिका त्याच्यामागे उभी राहील काय, याचे उत्तर त्या ठरावात नव्हते. तळ्यावर इतर धर्मांचे लोक येत, गुरेढोरे पाणी पीत. ज्यांच्यासाठी ठराव झाला होता, ती माणसे मात्र आली नाहीत. तीन वर्षे आणि वर अडीच महिने ठराव वहीत राहिला आणि पाणी तळ्यात राहिले.

मध्यंतरी, १९२६ च्या ऑगस्टमध्ये, बोल्यांनी कायदे मंडळात दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. बोले अनुभवी गृहस्थ होते. नुसत्या शिफारशीने काम होत नाही, तिच्यामागे काहीतरी वजन लागते, हे त्यांना तीन वर्षांत कळून चुकले होते.

पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. १९२७ च्या मार्चमध्ये १९ आणि २० तारखांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली महाडला परिषद भरली. परिषदेच्या शेवटी अनंतराव चित्रे यांनी सुचवले की, आता तळ्यावर जाऊन पाणी पिऊनच परतावे. मिरवणूक निघाली आणि बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. नगरपालिकेच्या ठरावाची पहिली अंमलबजावणी झाली ती अशी. ती नगरपालिकेने केली नाही. ज्यांना सभागृहाने 'हरकत नाही' म्हटले होते, त्यांनी केली, आणि त्याबद्दल त्यांनी डोकी फोडून घेतली. मागाहून तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले.

आणि मग नगरपालिकेने काय केले? १९२७ च्या ऑगस्टच्या ४ तारखेला, बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच दिवशी, तिने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. पुन्हा रीतसर सभा झाली, पुन्हा बहुमत झाले. श्रोतेहो, माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा इथे आहे. ठराव जोवर कागदावर होता, तोवर त्याला कोणाचा विरोध नव्हता. कोणीतरी तो खरा मानून वागले, तेव्हाच सभागृहाला त्याची किंमत कळली, आणि ती किंमत देण्याची तयारी नव्हती.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच दुसरी परिषद भरली. आदल्याच पंधरवड्यात तळे खासगी आहे असा दावा लावून सनातन्यांनी कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. हुकूम मोडून सत्याग्रह करावा की थांबावे, यावर परिषदेत दोन्ही बाजूंनी भाषणे झाली. माणसे तुरुंगात जायला तयार होती, त्यांनी नावे नोंदवली होती. अखेरीस बाबासाहेबांच्या सल्ल्याने सत्याग्रह तहकूब झाला. मला नेहमी वाटते, त्या वर्षी महाडात खरी सभा कुठे भरली असेल, तर ती त्या मांडवात भरली. तिथे प्रत्येक हात वर होताना आपण काय पत्करतो आहोत, हे त्या हाताच्या धन्याला माहीत होते.

खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १९३७ च्या मार्चच्या १७ तारखेला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला: अस्पृश्यांना वगळण्याची अनादि वहिवाट शाबीत झालेली नाही. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

यावरून कोणी म्हणेल, मग ठरावांना अर्थच काय? अर्थ आहे. १९२४ चा ठराव दुबळा होता खरा, पण महाडला जमलेली माणसे भिक्षा मागायला गेली नव्हती. सभागृहाने मान्य केलेली गोष्ट अंमलात आणायला ती गेली होती. लिहून ठेवलेला शब्द दुबळ्याच्या हातात काठीसारखा येतो.

आणि हरलेल्या मतालाही अर्थ असतो. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा, असे जोतीरावांचे म्हणणे. बत्तीस सभासदांत विरोधी मत एकट्या त्यांचे पडले. ठराव मंजूर झाला, खर्चही झाला. पण आज आपण आठवण काढतो ती त्या एका मताची.

आता आपल्याविषयी. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई-पुण्याच्या महानगरपालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. प्रशासकच प्रस्ताव मांडणार आणि तोच मंजूर करणार, असा कारभार चालला. त्या काळात सभागृहाची उणीव आपल्याला किती जाणवली, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. फारशी जाणवली नसेल, तर दोष केवळ सरकारचा नाही. सभा चालू होती तेव्हाही आपण तिथे नव्हतो.

म्हणून माझी विनंती लहानशी आहे. आपल्या गावच्या सभेत एखादा ठराव झाला, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी त्या वृद्ध कारकुनाचे तीन प्रश्न विचारा: कोणी करायचे, केव्हा करायचे, पैसे कोणत्या खात्यातून? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने इतिवृत्ताची प्रत मागता येते, ती मागा. कोणी कोणत्या बाजूने मत दिले ते पाहा. मतभेद झाला म्हणून नाक मुरडू नका; चोवीस विषयांतले बावीस 'सर्वानुमते' मंजूर होतात, तेव्हा मात्र अवश्य काळजी करा.

महाडचे तळे आजही तिथे आहे. आपण तिथे गेलात, तर काठावर क्षणभर थांबून एवढे आठवा की, या पाण्याविषयी सभागृहाने दोनदा मतदान केले, एकदा इकडे आणि एकदा तिकडे. आणि पाणी शेवटी त्यांनाच मिळाले, जे पायऱ्या उतरून गेले.